रोलर कोस्टर आणि थीम पार्क: गोव्यातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. तिकिटांचे दर, पार्कच्या वेळा आणि गाड्यांची वेळापत्रकं बदलत राहतात, म्हणून ती निघण्याआधी स्वतः तपासा. बाकीचं इथे आहे.

1. गोव्यात रोलर कोस्टर आहे का?

मोठं, कायमचं उभारलेलं कोस्टर नाही. हणजूणचं स्प्लॅशडाउन वॉटर पार्क आहे. तिथे घसरगुंड्या आणि पाण्याची मजा आहे, कोस्टर नाही. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत किंवा जुन्या गोव्याच्या फेस्ताला आकाशपाळणे, कोलंबस, ब्रेक डान्स आणि छोटी ड्रॅगन ट्रेन येते. त्यात बसण्याआधी प्रश्न 19 वाचा.

2. मग गोव्याच्या जवळचं, खरोखर जाण्यासारखं कोस्टर कुठलं?

रायगड जिल्ह्यातल्या इमॅजिकाचं नायट्रो. पार्क 2013 मध्ये सुरू झालं आणि नायट्रो त्याच वर्षी आलं. उंची सुमारे 40 मीटर, वेग ताशी 105 किमीच्या आसपास, आणि पाच वेळा उलटं फिरवतं. बनवलं आहे स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड कंपनीने, जिची कोस्टर जगभरची मोठी पार्कं विकत घेतात. नायट्रो 'फ्लोअरलेस' जातीचं आहे. स्टेशनात सगळे बसले, हार्नेस, म्हणजे अंगावरून बसणारे अडसर, तपासून झाले की पायाखालची जमीन बाजूला सरकते आणि पाय मोकळे लोंबतात. एका ओळीत चौघे बसतात. गोव्यातून रात्रभराचा प्रवास करून जावं असं हे कोस्टर आहे, हे आम्ही बिनदिक्कत सांगतो.

त्याच पार्कात डीप स्पेस आहे. ते बंदिस्त, अंधारातलं आणि साखळीने न चढता झटक्याने सुटणारं कोस्टर आहे. पुढचं वळण दिसत नसल्यामुळे शरीर आधीच सावरून बसत नाही आणि कमी वेगातही दचकायला होतं. गोल्ड रश एक्सप्रेस घरच्या सगळ्यांसाठी आहे. पहिल्यांदा बसणाऱ्याने सुरुवात तिथून करावी.

3. इमॅजिकाला गोव्यातून कसं जायचं? हॉटेल न घेता जमतं का?

जमतं, पण दमछाक होते. संध्याकाळची कोकणकन्या मडगाव, करमळी, थिवी किंवा पेडण्याहून पकडा. ती पहाटे पनवेलला सोडते. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे, पनवेलहून साधारण 35 ते 40 किमी. चारपाच जण असाल तर स्टेशनवरून टॅक्सी परवडते. पार्क सकाळी बऱ्याच उशिरा उघडतं, म्हणून पनवेलला तोंड धुऊन, पोटात काहीतरी घालून निघायला वेळ मिळतो. टॅक्सी ठरवताना परतीचंही बोलून घ्या. संध्याकाळी गेटबाहेर गाडी मिळवणं हीच या सहलीतली सगळ्यात मोठी कटकट आहे.

पणजी किंवा म्हापशाहून कोल्हापूर-पुणे मार्गे मुंबईला जाणाऱ्या स्लीपर बसही आहेत. त्या एक्सप्रेसवेवर खोपोलीपाशी उतरवतात का, हे तिकीट काढताना विचारा. मुंबई-गोवा महामार्गाने जाणारी बस या कामाची नाही.

लहान मुलं किंवा आजीआजोबा बरोबर असतील तर एक रात्र खोपोलीत किंवा लोणावळ्यात काढाच. रात्रभर न झोपलेलं मूल दुपारी रांगेत रडतं आणि मग सगळ्यांचाच दिवस जातो.

4. परतीच्या कोकणकन्येचं पनवेलहून तिकीट काढलं, तर टीसी म्हणाला 'हे तिकीट कालचं आहे'. असं का?

गाडी मुंबईहून रात्री अकराच्या पुढे सुटते आणि पनवेलला पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. तारीख बदललेली असते. पार्क शनिवारी केलं, तर पनवेलहून बसण्याची तारीख रविवारची पडते. तिकीट काढताना वर टाकलेली तारीख नव्हे, पनवेलसमोर छापलेली तारीख आणि वेळ वाचा. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू चालतात, तेव्हा वेळा पुन्हा बघा.

5. कुठल्या दिवशी गर्दी कमी असते?

शनिवार, रविवार, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना टाळा. मंगळवार ते गुरुवार बरे. गोवेकरांना इथे एक फायदा आहे: 3 डिसेंबरचं फेस्त आणि 19 डिसेंबरचा मुक्तिदिन या सुट्ट्या गोव्यात असतात, महाराष्ट्रात नसतात. कार्निव्हालच्या दिवसांचंही तसंच, शिवाय तिकडे तेव्हा परीक्षांचे वेध लागलेले असतात. या सुट्ट्या आठवड्याच्या मध्ये आल्या तर तोच दिवस धरा.

एक अडचण मात्र आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हा महाराष्ट्रातल्या शाळांच्या सहलींचा मोसम असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशीही बसच्या बस येतात. सहलीची मुलं परत जायची असल्यामुळे दुपारी चारनंतर रांगा भराभर ओसरतात. अशा दिवशी मोठं कोस्टर शेवटच्या दोन तासांसाठी राखून ठेवा.

6. आत शिरल्यावर आधी काय करावं?

गेट उघडताच बहुतेक लोक पहिल्या दिसणाऱ्या राइडला थांबतात, फोटो काढतात, नाश्ता करतात. तुम्ही सरळ मोठ्या कोस्टरकडे चाला. पहिल्या तासात दोन फेऱ्या होतात, दुपारी तेवढाच वेळ एका फेरीला लागतो. दुपारी बारा ते चार बंदिस्त आणि वातानुकूलित राइड करा: इमॅजिकात सलीमगढ, आय फॉर इंडिया, मिस्टर इंडिया. ऊन उतरलं की पुन्हा बाहेर.

निघायच्या आधी पार्कच्या साइटवर किंवा फोन करून कुठली राइड दुरुस्तीसाठी बंद आहे ते विचारा. मोठ्या कोस्टरची वार्षिक तपासणी आठवडे चालते. एका राइडसाठीच एवढा प्रवास करणार असाल तर हा फोन सगळ्यात महत्त्वाचा.

रांग टाळण्याचं जादा तिकीट, म्हणजे इमॅजिकात एक्सप्रेस आणि वंडरलात (प्रश्न 7) फास्टट्रॅक, गर्दीच्या दिवशी जरूर घ्या. रिकाम्या मंगळवारी ते पैसे पाण्यात.

7. इमॅजिका सोडून बंगळूर, कोची, हैदराबादच्या वंडरलाचं काय?

वंडरला पाण्याच्या आणि कोरड्या राइड एकाच तिकिटात देतं, इमॅजिकाच्या वॉटर पार्कला वेगळं तिकीट लागतं. कुटुंबात निम्म्यांना कोस्टर नको आणि पाणी हवं असेल तर वंडरला जास्त सोयीचं.

बंगळूरचं पार्क 2005 पासून मैसूर रस्त्यावर बिडदीजवळ आहे, शहराच्या मध्यापासून सुमारे 28 किमी. वास्को-यशवंतपूर गाडीने गेलात तर यशवंतपूरहून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने मॅजेस्टिक, तिथून जांभळ्या मार्गाने शेवटचं स्टेशन चळ्ळघट्टा, आणि पुढे रिक्षा किंवा बस. शहरातली वाहतूक कोंडी त्यामुळे चुकते. पावसाळ्यात मात्र कुळें आणि कॅसलरॉकमधल्या घाटात दरडी पडून ही गाडी रखडू शकते.

कोचीचं पार्क सगळ्यात जुनं, 2000 सालचं, तेव्हाचं वीगालँड. मडगावहून नेत्रावती किंवा मंगला एक्सप्रेसने एर्नाकुलमला जाता येतं.

हैदराबादचं 2016 मधलं, आउटर रिंग रोडलगत रावीर्यालला, विमानतळाच्याच बाजूला. तिथलं रीकॉइल हे व्हेकोमा कंपनीचं 'बूमरँग' आहे. गाडी मागे ओढून सोडतात, ती तीनदा उलटी फिरून समोरच्या चढावर जाते, आणि तिथून मागच्या मागे तेच सगळं पुन्हा. उलटं जाताना काही दिसत नाही, म्हणून मान टेकलेलीच ठेवा. मान पुढे काढून बसणाऱ्याचं डोकं हार्नेसवर आपटतं.

वंडरलात पाण्यात उतरायला नायलॉन किंवा लायक्राचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत. घरूनच न्या.

8. मुलगी दहा वर्षांची आहे. तिला बसू देतील का?

वय बघत नाहीत, उंची बघतात. मोठ्या कोस्टरना बहुधा 130 ते 140 सेमीच्या आसपासची अट असते आणि ती प्रत्येक राइडच्या तोंडाशी पट्टीवर लिहिलेली असते. घरी भिंतीला लावून अनवाणी उंची मोजा, कारण तिथे जाड तळव्याचे बूट काढायला लावतात. उंची कमी पडत असेल तर वाद घालू नका. हार्नेस ठरावीक अंगकाठीसाठी बनवलेला असतो, आणि लहान शरीर त्याच्या खालून निसटू शकतं. मुलीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे दारात हिरमोड होणार नाही.

9. पहिल्यांदाच बसायचं आहे, फार भीती वाटते. काय करू?

मधल्या ओळीत बसा. डोकं मागे टेकवा, डोळे उघडे ठेवा आणि रुळाच्या दिशेने पुढे बघा. डोळे मिटले की कानाच्या आतला तोल सांगतो एक आणि डोळे काहीच सांगत नाहीत, त्याने मळमळ वाढते. चढावर 'टक टक टक' आवाज येतो तो काही बिघडल्याचा नाही. साखळी तुटली तरी गाडी मागे घरंगळू नये म्हणून खालचा खटका प्रत्येक दातात अडकत जातो, त्याचा तो आवाज. बहुतेकांना भीती फक्त चढावर वाटते. पहिला उतार संपला की ती गेलेली असते.

10. पुढची सीट चांगली की मागची?

दोन्हींची मजा वेगळी. पुढच्या ओळीत समोर कोणी नसतं, वारा थेट तोंडावर येतो, आणि माथ्यावर गाडी क्षणभर रेंगाळते तेव्हा तुम्ही उताराच्या काठावरून खाली बघत असता. मागच्या ओळीला ते रेंगाळणं मिळत नाही. पुढचे डबे उतरू लागलेले असतात आणि ते तुम्हाला माथ्यावरून वेगाने खेचून नेतात, त्यामुळे सीटवरून उचललं जाणं मागे जास्त. नायट्रोसारख्या चौघांच्या ओळीत कडेच्या दोन सीटा गिरकीत मोठं वर्तुळ कापतात, म्हणून तिथे झटका जास्त बसतो. आमचा सल्ला: एकच फेरी मिळणार असेल तर मागची ओळ, दोन मिळणार असतील तर दुसरी पुढून.

11. उलटी, चक्कर टाळायला काय करावं?

उपाशीही जाऊ नका आणि जेवून लगेचही बसू नका. इडली, पोळी, केळं असं हलकं खाऊन तासभर जाऊ द्या. पाणी घोट घोट पीत राहा, कारण उन्हातल्या रांगेतली चक्कर बऱ्याचदा पाणी कमी पडल्याची असते. कोस्टरपेक्षा गोल गोल फिरणाऱ्या राइडने मळमळ जास्त होते, त्या शेवटी ठेवा. बसच्या प्रवासातही उलटी होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. ती आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही, आणि तिने गुंगी येते. गाडी चालवत परतणाऱ्याने ती घेऊ नये.

12. उताराच्या तळाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. काही गंभीर आहे का?

तळाशी शरीर सीटमध्ये दाबलं जातं, रक्त पायांकडे उतरतं आणि डोळ्यांना क्षणभर कमी पडतं. मांड्या आणि पोट घट्ट आवळून धरलं की हे टळतं. पाणी कमी प्यायलं असेल तर लवकर होतं. एकदोन सेकंदांत गेलं तर काळजी नको. खरोखर शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा उतरल्यावर डोकं ठणकत राहिलं, तर त्या दिवशी पुन्हा बसू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

13. लूपमध्ये उलटे असताना हार्नेस सुटला तर माणूस पडेल का?

नीट आखलेल्या उभ्या लूपमध्ये माथ्यावरही वेग तुम्हाला सीटकडे दाबत असतो. लूप पूर्ण गोल नसतो, वर अरुंद आणि खाली रुंद, थेंबाच्या आकाराचा असतो. 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या फ्लिप फ्लॅप रेल्वेचा लूप खरोखर गोल होता आणि त्यात शिरताना बसणारा झटका मानेला बाधायचा. अँटोन श्वार्त्सकोफ आणि अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी 1976 मध्ये कॅलिफोर्नियात रिव्होल्यूशन उभारलं तेव्हा थेंबाचा आकार रूढ झाला. तळाशी वक्र सैल ठेवल्याने दाब हळूहळू वाढतो, माथ्यावर वक्र आवळल्याने कमी वेगातही माणूस सीटला चिकटून राहतो.

पण सगळ्या गिरक्या लूप नसतात. काहींमध्ये वजन मुद्दाम शून्यावर आणतात, आणि तिथे तुम्हाला धरून ठेवतो तो हार्नेसच. म्हणून त्याची कुलपं दुहेरी असतात आणि सगळी लागल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. गाडी रुळावरून का उडत नाही, हेही लोक विचारतात. चाकं तीन बाजूंनी असतात: रुळाच्या वर, कडेला आणि खाली. खालची चाकं अमेरिकेत जॉन मिलरने शंभरेक वर्षांपूर्वी आणली, आणि मग कोस्टर खरी उंच व वेगवान झाली.

14. गाडी चढावर मध्येच थांबली. काय करायचं?

काहीच नाही, बसून राहा. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असते. पुढची गाडी स्टेशनातून हलली नाही, कोणाचा मोबाइल रुळावर पडला किंवा एखाद्या सेन्सरने चूक दाखवली, की यंत्रणा मागची गाडी अडवते. अडवणं म्हणजेच यंत्रणा नीट चालली आहे. फार वेळ लागला तर कर्मचारी चढाला लागून असलेल्या जिन्याने येऊन एकेकाला सोडवतात. हार्नेस स्वतः उचलायचा प्रयत्न करू नका.

15. पावसात कोस्टर चालतं का? चतुर्थीच्या सुट्टीत जाऊ का?

रिमझिम असेल तर बरीच कोस्टर चालतात. विजा, जोराचा वारा किंवा धो धो पाऊस आला की थांबवतात. समोरच्या वाऱ्याने वेग इतका घटू शकतो की रिकामी किंवा हलकी गाडी पुढचा चढ पार करू शकत नाही. घर्षणावर चालणारे ब्रेक ओले झाले की पकड कमी होते, चुंबकीय ब्रेकना पाण्याने फरक पडत नाही. ताशी 100 किमीला पावसाचे थेंब चेहऱ्याला टोचतात, हेही लक्षात घ्या. खोपोलीचा पाऊस सह्याद्रीच्या पायथ्याचा आहे. चतुर्थीच्या आसपास जायचं तर दोन दिवस हाताशी ठेवा, नाहीतर डिसेंबरपर्यंत थांबा.

16. चष्मा, मंगळसूत्र, मोबाइल, ओढणी यांचं काय?

मोबाइल लॉकरमध्ये. चेनवाल्या खिशातसुद्धा नको. चष्म्याला मागून दोरी लावा, किंवा काढून ठेवा. मंगळसूत्र, लांब कानातले आणि हातभर बांगड्या लॉकरमध्ये ठेवा, हार्नेसखाली दाबून त्या गळ्याला आणि मनगटाला लागतात. काढती कवळी आणि श्रवणयंत्रही आधीच उतरवा. ओढणी, साडीचा पदर आणि मोकळे केस ही सगळ्यात धोक्याची गोष्ट, गो-कार्टमध्ये तर विशेष. केस घट्ट बांधून आत खोवा आणि ओढणी नेऊच नका. फ्लोअरलेस कोस्टरवर चपला पायातून उडतात. पट्ट्याचे बूट घाला.

17. कोणी बसू नये?

गरोदर असाल, हृदयविकार असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, मान-पाठीचं दुखणं असेल, किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर बसू नका. डोळ्यांच्या पडद्याची तक्रार असलेल्यांनी नेत्रतज्ज्ञांना विचारावं. वजनाबद्दल: काटा किती दाखवतो त्यापेक्षा छाती आणि पोटाचा घेर महत्त्वाचा असतो. हार्नेस शेवटच्या खटक्यापर्यंत बसला नाही तर उतरवतात. अनेक पार्कात रांगेच्या तोंडाशी नमुन्याची सीट असते, तिच्यात बसून बघा, म्हणजे तासभर उभं राहून परत फिरावं लागत नाही.

18. घरचे परदेशात असतात: कोणी अबुधाबीला, कोणी स्विंडनला, कोणी लिस्बनला. तिकडे गेल्यावर कुठलं पार्क बघावं? सगळ्यात उंच तेच सगळ्यात भारी ना?

उंचीच्या मागे लागू नका, हे आम्ही सगळ्यांना सांगतो. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समधलं नेमेसिस जेमतेम 13 मीटर उंच आहे. झाडांच्या शेंड्यांवर बांधकाम नको अशी तिथे अट होती, म्हणून त्यांनी खडकात चर खणला आणि रूळ त्यातून नेला. दगड, पाणी, झाडं अंगाला घासून गेल्यासारखी वाटतात, आणि 1994 पासून लोक त्याच्यासाठी येतात. 2024 मध्ये रूळ बदलून ते पुन्हा सुरू झालं. उलट न्यू जर्सीचं 139 मीटरचं किंगडा का एकदा सुटलं की मिनिटाच्या आत संपायचं. ते 2024 मध्ये बंद झालं आणि 2025 मध्ये पाडलं. कोस्टर चांगलं ठरतं ते पहिल्या उतारानंतर काय करतं त्यावरून.

अबुधाबीत यस बेटावर फेरारी वर्ल्ड आहे. फॉर्म्युला रोसा 2010 पासून ताशी 240 किमी वेगाने सुटतं आणि बसण्याआधी डोळ्यांना गॉगल देतात. एकदा जरूर बसा. पण दुसऱ्यांदा रांग लावायची असेल तर फ्लाइंग एसेसला लावा. तिथे वेग कमी आहे, तरी कंटाळवाणं एकही वळण नाही. वाळूचं वादळ आलं की बाहेरची कोस्टर थांबतात. मे ते सप्टेंबर दुपारची रांग सोसवत नाही, तेव्हा संध्याकाळी जा.

स्विंडनहून इंग्लंडमधलंच थॉर्प पार्क मोटारीने साधारण दीड तासावर. 2024 चं हायपेरिया 72 मीटर उंच आहे आणि उंचीइतकंच पुढेही चांगलं आहे. ऑल्टन टॉवर्सला जायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. ही पार्कं मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात, म्हणून नाताळात मुलाकडे जाणाऱ्यांना मोठी कोस्टर सहसा मिळत नाहीत. दौरा ठरवायच्या आधी हे बघाच.

लिस्बनहून स्पेन गाठा. बार्सिलोनाजवळ सालोऊला पोर्टअव्हेंचुरा आहे. 76 मीटरचं शांभला आणि आठ वेळा उलटं फिरवणारं, 1995 चं ड्रॅगन खान शेजारी शेजारी उभी आहेत. शांभलात एकदाही उलटं होत नाही, नुसतं सीटवरून पुन्हा पुन्हा उचललं जाणं. एका पार्कात दोन टोकांच्या चवी समजतात, म्हणून युरोपातलं एकच निवडायचं तर आम्ही हे निवडू.

19. जत्रेतल्या पाळण्यात आणि ड्रॅगन ट्रेनमध्ये बसणं सुरक्षित आहे का? कसं ओळखायचं?

पाच मिनिटं उभं राहून बघा, बरंच कळतं. पायाखालचे लाकडी ठोकळे बघा. ते सरळ रचलेले हवेत, एका बाजूने मातीत रुतलेले नकोत. जत्रेत अवेळी पाऊस पडून गेला असेल तर हे आधी बघा. सांध्यांतल्या पिनांना बाहेर क्लिप हवी. तिच्याजागी खिळा किंवा तार वाकवून घातलेली दिसली तर मागे फिरा. जोडावर नवीन वेल्डिंगच्या रेघा, रंग उडालेली भेग, गळणारं तेल या खुणा चांगल्या नाहीत. जनरेटरजवळ उघड्या वायरी ओल्या गवतात पडल्या असतील तर लोखंडी कठड्यालाही हात लावू नका.

मग चालवणाऱ्याकडे बघा. तो स्विचपाशी उभा आहे का, प्रत्येक सीटचा दांडा स्वतः हलवून बघतो का, पाळणा दोन्ही बाजूंनी सारखा भरतो का? एकीकडेच माणसं बसवली की मोठा आकाशपाळणा हिसके देत फिरतो आणि सांध्यांवर ताण येतो. ड्रॅगन ट्रेनमध्ये रुळाच्या जोडावरून जाताना प्रत्येक फेरीला त्याच जागी 'खाड' आवाज येत असेल, तर तिथला बोल्ट सैल आहे. लहान मुलाला दांड्याखाली एकटं बसवू नका, आणि दोघांच्या सीटवर तिघांना बसा म्हणाले तर उतरून या.